भडोचचा कापूस, अंकलेश्वरचं तेल आणि एक इंचाचा नकाशा

किल्ले, तह आणि लढाया यांच्यावर आपण इतकं बोलतो की ज्या जमिनीवर हे सगळं घडलं, तिच्या कागदांकडे लक्षच जात नाही. आज त्या कागदांबद्दल बोलू. शाळेत भूगोलाच्या पेपरात ‘स्थलदर्शक नकाशाचं वाचन’ असा एक प्रश्न असायचा. निळी रेघ नदीची, तपकिरी रेघ समोच्च, पिवळा रंग शेतीचा. पाच गुण मिळायचे आणि विषय संपायचा. त्या नकाशांच्या मागे एका मुलखाचा दोनशे वर्षांचा इतिहास कसा दडलेला असतो, हे आपण भडोच आणि अंकलेश्वर या जोडीवरून पाहणार आहोत. गुजरातमधला हा भाग आहे, पण मराठ्यांच्या इतिहासाला अजिबात परका नाही.

भडोच इंग्रजांनी १७७२ मध्ये नबाबाकडून जिंकून घेतलं. पुढे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात वडगावला इंग्रजांची जी फजिती झाली, त्यातून त्यांना सुखरूप सोडण्यात महादजी शिंद्यांचा हात होता. सालबाईच्या तहानंतर १७८३ मध्ये भडोच महादजींना दिलं गेलं. वीस वर्षं ते शिंद्यांकडे राहिलं. १८०३ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या युद्धाच्या धामधुमीत इंग्रजांनी ते परत घेतलं. नर्मदेच्या दक्षिणेकडचे अंकलेश्वर आणि हांसोट हे परगणेही मराठ्यांकडून त्यांच्याकडे गेले. आजूबाजूला गायकवाडांचा मुलूख होताच.

आता, मुलूख हातात आला की राज्यकर्त्याला पहिला प्रश्न पडतो तो महसुलाचा. जमीन किती, कोणाची, पीक काय, सारा किती बसवायचा? १८११ च्या सुमाराला भडोचची पाहणी सुरू झाली. ती करणारा अधिकारी होता मोनियर विल्यम्स. हे नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे. ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो, त्या सर मोनियर मोनियर-विल्यम्स यांचे हे वडील. मुलाचा जन्म १८१९ मध्ये मुंबईत झाला. मुलाने पुढे शब्द मोजले, वडील त्या काळात जमीन मोजत होते! त्यांचा भडोचवरचा वृत्तांत १८२५ मध्ये लंडनला छापला गेला. त्याच्या लांबलचक नावातच महसुली, सांख्यिकी आणि स्थलवर्णनात्मक अशा तीन प्रकारच्या पाहणीचा उल्लेख आहे. म्हणजे एकाच मोहिमेत साऱ्याचा हिशोब, माणसांची मोजदाद आणि नदी-नाले-वाटांचा नकाशा.

इथे थोडं थांबूया, कारण बराच गोंधळ इथेच होतो. जमिनीचे नकाशे दोन जातीचे असतात. एक गाव-नकाशा. त्यात सर्वे नंबर असतात, बांध असतात, हिस्से असतात. आपल्याकडे तलाठ्याकडे असतो तो हा. दुसरा स्थलदर्शक नकाशा, म्हणजे टोपोशीट. यात मालक नसतो. यात टेकडी, ओढा, तळं, विहीर, देऊळ, गाडीवाट, गावठाण असतं. एक इंचाला एक मैल, म्हणजे १ : ६३,३६० या प्रमाणाचा जुना टोपोशीट घ्या. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सुमारे ६३ मीटर. आणि एक एकराचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची बाजूही जवळजवळ तेवढीच, ६३-६४ मीटर. थोडक्यात, या नकाशावर एक एकर म्हणजे एक चौरस मिलिमीटर. पेन्सिलीचं टोक टेकवलं की एका माणसाचं अख्खं शेत झाकलं गेलं. शेतकऱ्याला आपलं शेत या नकाशावर सापडत नाही आणि सरकारला आपला जिल्हा गाव-नकाशावर दिसत नाही. दोघांचे कागद वेगळे, आणि भांडण झालं की दोघं आपापला कागद पुढे करतात.

भडोचमध्ये तर हा गुंता आणखी होता. तिथल्या कित्येक गावांत भागदारी पद्धत होती. गावाचा सारा भागदार मिळून भरायचे आणि जमीन ‘भागां’मध्ये वाटलेली असायची. या भागांचे तुकडे होऊ नयेत म्हणून मुंबई सरकारने १८६२ मध्ये खास कायदा केला आणि ही पद्धत रद्द करणारा कायदा यायला १९४९ साल उजाडावं लागलं. नकाशावर मात्र हे गाव बाकीच्या गावांसारखंच दिसतं: घरांचा एक पुंजका, शेजारी तळं, भोवती पिवळा रंग.

इथली जमीन काळी, कापसाची. या काळ्या पट्ट्याला कानम म्हणतात. भडोचचा कापूस इतका नावाजलेला होता की बाजारात तो गावाच्या नावानेच ओळखला जायचा. मुंबई, बडोदा आणि मध्य भारत रेल्वेने आपला अगदी पहिला लोहमार्ग १८६० मध्ये उघडला, तो मुंबईत नव्हे, तर अंकलेश्वर ते सुरतजवळचं उत्राण असा! लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८८१ मध्ये भडोचला नर्मदेवर पूल झाला, ज्याला लोक आजही गोल्डन ब्रिज म्हणतात. नकाशाच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर पूल जागचा हललेला दिसत नाही, नदीच इकडेतिकडे सरकलेली दिसते. नर्मदेच्या मुखाजवळची बेटं आणि वाळूचे दांडे तर प्रत्येक पाहणीत वेगळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वे ऑफ इंडियाने नकाशांची सगळी मांडणी नव्याने केली. अनेक रंगांत छपाई सुरू झाली आणि पत्रकांना आज आपण वापरतो ते क्रमांक मिळाले. ही क्रमांकांची पद्धत फार सुटसुटीत आहे. चार अंश गुणिले चार अंशाचा एक मोठा चौकोन, त्याला आकडा. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग, त्यांना ए ते पी अक्षरं. प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग, त्यांना १ ते १६. भडोच शहर येतं ४६ सी/१४ या पत्रकात. अंकलेश्वर अगदी ७३ अंश रेखांशाच्या आसपास आहे, त्यामुळे त्याच्या पूर्वेकडचा भाग पाहायचा तर ४६ जी/२ हे पत्रकही शेजारी जोडावं लागतं. नकाशे हाताळणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे. जे गाव हवं असतं ते नेमकं कडेवर येतं.

मी हे बोलतोय लखनौच्या वृंदावन योजनेतून, आणि आमचीही तीच गत आहे. लखनौचं पत्रक ६३ बी/१३. त्याची दक्षिण कड २६ अंश ४५ मिनिटांवर संपते आणि रायबरेली रस्त्याला लागून असलेली आमची ही वसाहत त्या कडेच्या जवळच येते. आवास विकास परिषदेने इथे सेक्टर पाडले. २०२० च्या फेब्रुवारीत देशाचं मोठं संरक्षण प्रदर्शन, डेफएक्स्पो, याच वृंदावन योजनेत भरलं होतं. जुन्या पत्रकात सेक्टर शोधू नका. शेतं, बागा, तळी आणि ऊसर जमिनीचे तुकडे, हा इथला मूळ नकाशा. शेजारच्या वस्तीचं नाव तेलीबाग आहे. तेलाशी आमचा संबंध एवढाच, असं मी गमतीने म्हणतो. पण ते पूर्ण खरं नाही, कारण गंगेच्या या मैदानाखाली तेल असेल का, हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला होता. १९६० च्या दशकात उत्तर प्रदेशात उझानी, तिल्हर अशा ठिकाणी तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाने खोल विहिरी खणल्या. व्यापारी प्रमाणात तेल मिळालं नाही. त्याच दशकात अंकलेश्वरचं तेल वाहत होतं.

आता गंमत बघा. लखनौचं पत्रक आणि अंकलेश्वरचं पत्रक शेजारी ठेवलं तर दोन्ही एकाच प्रकारे कंटाळवाणी दिसतात. सपाट मैदान. समोच्च रेषा इतक्या दूर की मधे उंची सांगायला नुसते आकडे छापावे लागतात. दिग्बोईला, आसामात, तेल जमिनीतून पाझरताना दिसलं आणि १८८९ मध्ये तिथे विहीर लागली. भडोचच्या कापसाच्या शेतात असलं काही नव्हतं. मग तेल खाली आहे हे कळलं कसं?

याचा एक धागा नकाशाच्याच कामात सापडतो. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळ त्रिकोणमितीय पाहणी सुरू केली. हा माणूस १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला काम करता करता वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर एव्हरेस्टने ही साखळी हिमालयापर्यंत नेली. मध्य भारतात सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि उत्तरेत मुजफ्फरनगरजवळचं कलियाना, या दोन ठाण्यांमधलं सुमारे ६०० किलोमीटरचं अंतर दोन पद्धतींनी काढलं. एकदा जमिनीवर मोजून, एकदा ताऱ्यांवरून. दोन उत्तरांत सव्वापाच सेकंदांचा फरक आला. जमिनीवर तो होतो साधारण १६० मीटर. वर सांगितलेल्या एक इंची नकाशावर अडीच मिलिमीटर. एवढ्याशा अडीच मिलिमीटरने मोठा वाद पेटवला.

कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट गणिती होते. त्यांनी विचार केला की हिमालयाचं वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढतंय. पण हिशोब केला तर हिमालयाने याच्या तिप्पट ओढायला हवं होतं. म्हणजे डोंगराखाली काहीतरी हलकं आहे. १८५० च्या दशकात प्रॅट आणि एअरी या दोघांनी याची दोन स्पष्टीकरणं मांडली आणि त्यातून पुढे भूवैज्ञानिकांचा समस्थितीचा सिद्धांत उभा राहिला. पुढे सर्वे ऑफ इंडियाचे प्रमुख सिडनी बर्रार्ड यांनी अशाच मोजण्यांवरून मांडलं की गंगेच्या मैदानाखाली प्रचंड मोठी भेग आहे आणि ती गाळाने भरली आहे. भूवैज्ञानिकांना भेग पटली नाही, गाळाची खोली मात्र पटली. सपाट नकाशा काढणाऱ्यांच्या हाती असं नकळत जमिनीच्या पोटात डोकावण्याचं साधन आलं होतं.

तेल शोधणाऱ्यांनी तेच साधन वापरलं. गुरुत्वमापी नावाचं उपकरण घेऊन शेताशेतात फिरायचं आणि गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक टिपायचा. हा फरक मिलिगॅलमध्ये मोजतात, आणि जो शोधायचा असतो तो कधी कधी एक-दोन मिलिगॅलचाच असतो. पण जागा एक मीटर वर-खाली झाली तरी मापन ०.२ ते ०.३ मिलिगॅलने बदलतं. म्हणून प्रत्येक ठिकाणाची उंची काटेकोर माहीत हवी. ती कुठून आणायची? सर्वे ऑफ इंडियाच्या तलचिन्हांवरून. १८५८ ते १९०९ अशी पन्नास वर्षं खपून देशभर उंचीचं पहिलं जाळं विणलं गेलं होतं आणि ते नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींना बांधलेलं होतं. स्टेशनाच्या ओट्यावर, पुलाच्या कठड्यावर, देवळाच्या पायरीवर ‘बी. एम.’ अशी अक्षरं कोरलेली दिसतात ना, ती याच कामाची. आपण त्यावर बसून शेंगा खातो.

दुसरा पुरावा पूर्वेकडे होता. अंकलेश्वरच्या पूर्वेला राजपिपळ्याच्या बाजूला जमीन उंचावते आणि मैदानात गाडले गेलेले थर तिथे उघडे पडतात. ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकाने तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्याचा वृत्तांत १८६९ मध्येच छापला होता. भूवैज्ञानिक कोणत्या कागदावर रंग भरतो? टोपोशीटवर. खालचा कागद चुकला तर वरचा रंगही चुकतो.

१९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली. केशवदेव मालवीय त्या खात्याचे मंत्री. सोव्हिएत तज्ज्ञांचं पथक येऊन गेलं होतं. बड्या परदेशी कंपन्यांना इथे तेल मिळेल असा विश्वास नव्हता. आणि १९५८ मध्ये खंभातजवळच्या लुणेजला तेल लागलं. १४ मे १९६० ला अंकलेश्वरला लागलं, ते लुणेजपेक्षा खूपच मोठं. पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी ‘वसुधारा’ असं नाव दिलं. अंकलेश्वरला पहिली रेल्वे आली त्याला बरोबर शंभर वर्षं झाली होती. जमिनीखाली थरांचा वर उचललेला बाक होता, उलट्या कढईसारखा, आणि त्यात तेल अडकलं होतं. वर नांगर चालत होता आणि वरच्या नकाशात त्या कढईची एक रेघही नव्हती.

बडोद्याजवळ कोयलीला शुद्धीकरण कारखाना उभा राहिला आणि १९६५ मध्ये तो सुरू झाला. विहिरीपासून कारखान्यापर्यंत तेल न्यायचं तर नळ टाकावे लागणार आणि नळ शेतातूनच जाणार. मला या सगळ्या गोष्टीतला कळीचा कागद विचाराल तर तो आहे १९६२ चा कायदा, पेट्रोलियम नळांसाठी जमिनीत ‘वापराचा हक्क’ घेण्याचा. मोठा चलाख कायदा आहे. सरकार जमीन घेत नाही, फक्त वापराचा हक्क घेतं. सात-बारावर नाव शेतकऱ्याचंच राहतं. नळ पुरून झाला की तो पुन्हा नांगरू शकतो, कापूस लावू शकतो. मात्र त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर किंवा तळं खोदायचं नाही, झाड लावायचं नाही. कामात पिकाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई वेगळी. पण या कायमच्या बंधनाचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. एकदाच.

विहीर खोदायची नाही, हा शब्द शेतकऱ्याच्या कानांनी ऐका. त्याच्या शेतात दुसऱ्याची विहीर खणली जाते आणि त्याला त्याची खणता येत नाही. अमेरिकेत, टेक्साससारख्या राज्यात, जमिनीच्या मालकाकडे सहसा खालच्या तेलाचाही हक्क असतो आणि त्याला स्वामित्वधन मिळतं. आपल्याकडे तेलक्षेत्रांचा कारभार केंद्राच्या हाती, स्वामित्वधन राज्याला आणि शेतकऱ्याला पृष्ठभागाची भरपाई. राष्ट्रीय संपत्ती राष्ट्राचीच असावी हे तत्त्व मला मान्य आहे. पण दहा टक्क्यांचा हिशोब मला कधीच पटलेला नाही. ज्या राजपत्रात हे हक्क जाहीर होतात त्यात गावाचं नाव, सर्वे नंबर आणि हेक्टर-आर असा तक्ता असतो, म्हणजे गाव-नकाशाची भाषा. नळ आखणारा अभियंता मात्र टोपोशीटवर सरळ रेघ ओढतो. ती रेघ तक्त्यात उतरते तेव्हा एक मिलिमीटर म्हणजे कोणाचा तरी एक एकर होतो.

आणि शेतकऱ्याने तो टोपोशीट पाहायचा म्हटलं तर? १९६० च्या दशकाच्या शेवटापासून देशाच्या सीमेपासून आणि किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे ‘प्रतिबंधित’ झाले. लखनौ त्यातून सुटलं, कारण नेपाळची सीमा त्याहून लांब आहे. भडोच-अंकलेश्वर खंभातच्या आखाताजवळ, म्हणून पट्ट्याच्या आत. कोकणातल्या मंडळींना हा अनुभव चांगलाच ओळखीचा असेल. आपल्याच गावाचा नकाशा मागायला अर्ज, शिफारस आणि हेलपाटे.

मग अभ्यासक काय करायचे? अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात सर्वे ऑफ इंडियाच्याच पत्रकांवरून भारताची १ : २,५०,००० प्रमाणाची मालिका छापली होती. तिचं नाव यू-५०२. ती टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवली. कित्येक वर्षं आपल्या गावाचा जुना नकाशा बघायला आपण टेक्सासच्या दारात जात होतो! त्यात आणखी एक योग असा की हे विद्यापीठ श्रीमंत झालं ते तेलावर. १९२३ मध्ये त्याच्या मालकीच्या माळरानावर सांता रीटा नावाची विहीर लागली आणि तेव्हापासून तिथला पैसा विद्यापीठाच्या निधीत जातोय. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तर १८८४ पासूनचे आपले सगळे जुने टोपोशीट, पावणेदोन लाखांहून जास्त, स्कॅन करून मोकळे केले आहेत. तेलाचं गाव कसं वसलं, कधी ओस पडलं, शेत कुठे परत आलं, हे तिथला शाळकरी मुलगासुद्धा आवृत्त्या लावून पाहू शकतो.

आपल्याकडे २००५ च्या नकाशा धोरणाने लष्करासाठी आणि लोकांसाठी अशा दोन वेगळ्या मालिका केल्या. २०१७ मध्ये सर्वे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून खुल्या मालिकेतली पत्रकं उतरवून घेता येऊ लागली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत नियम बरेच सैल झाले. जुन्या आवृत्त्यांचा असा सगळा संच मात्र एका ठिकाणी मोकळा झालेला नाही, आणि इतिहासाला हव्या असतात त्या नेमक्या जुन्याच.

अंकलेश्वरमध्ये त्या का हव्यात ते सांगतो. तेलामागून तिथे औद्योगिक वसाहत आली, रसायनांचे कारखाने आले. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला, तेव्हा अंकलेश्वर ८८.५० गुणांनी पहिलं आलं. अर्थात हा पहिला नंबर कोणालाच नको असतो. तिथल्या आमलाखाडी नावाच्या ओढ्याचं नाव मग बातम्यांत यायला लागलं. आज ती खाडी सांडपाण्याची गटार आहे असंच नव्या माणसाला वाटतं. जुन्या नकाशात आमलाखाडी म्हणजे शेतांमधून नर्मदेकडे जाणारी बारीक निळी रेघ. तिच्या काठाला गावं, गावांना तळी, शेतात विहिरींचे निळे ठिपके. तिथे पूर्वी काय होतं असा प्रश्न न्यायालयात किंवा पर्यावरणाच्या सुनावणीत निघाला, तर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींना ‘ऐकीव’ म्हणतात. सरकारने काढलेला नकाशा अचूक धरून चालायचं, असं मात्र १८७२ च्या पुरावा कायद्यातच, ८३ व्या कलमात, सांगितलेलं होतं.

आमच्या उत्तर प्रदेशात गावातलं बुजवलेलं तळं परत मिळवण्यासाठी १३५९ फसली, म्हणजे १९५१-५२ सालची महसुली नोंद काढतात. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंचलाल तिवारी खटल्यात गावतळ्यांची जमीन वाटून टाकता येणार नाही असं सांगितलं, तोही खटला उत्तर प्रदेशातलाच. वृंदावन योजनेसारख्या वसाहतींच्या आसपास पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं ते पाहा आणि मग ६३ बी/१३ ची जुनी प्रत मिळाली तर तिच्यावर निळे तुकडे शोधा.

तुमच्यापैकी कोणी आपल्या गावाचा जुना टोपोशीट मिळवलाच, तर नकाशा पाहण्याआधी समास वाचा. तिथे दोन सालं असतात, पाहणीचं आणि छपाईचं. दोन्हीत बऱ्याच वर्षांचं अंतर असू शकतं. पाहणी १९६० च्या आधीची आणि छपाई नंतरची असेल, तर अंकलेश्वरच्या त्या पत्रकावर वसुधारा सापडणार नाही. तिथे कापसाचं शेत असेल आणि त्याच्या कडेने जाणारी एक गाडीवाट.